डायनॅमोची पट्टी आणि आष्टीची बहीण

ये वं पोरी, अशी जवळ सरक. इतक्या लांबून रागावता येत नाई मले.

परवा फोनवर काय म्हणाली तू? "मोठीआई, गाडीचा बेल्ट टेन्शनर झिजला, गॅरेजवाल्यानं पार्ट मागवला आहे, तो आला की आईला घेऊन येते." मी "बरं" म्हणून फोन ठेवला. पण जेवायला बसले तर एकीकडून हसू येत होतं आणि दुसरीकडून राग. गाडी दुरुस्त झाली की येते. हे वाक्य या घरात मी फार पूर्वी ऐकलं आहे. ते म्हणणारी माझी सासू होती, आणि त्या वाक्यापायी तिच्या बहिणीचं तिचं तोंड पाहायचं राहूनच जात होतं. तुझ्या मायनं तुले हे सांगितलं नसंल, कारण ती तेव्हा नागपुरात नवी नवरी होती. म्हणून मीच लिहितो. कागदावर बसली की माझी भाषा पाटावर बसल्यासारखी बसते, आणि तू समोर दिसली की खाली उतरते. दोन्ही मिसळून घेजो.

तुझ्या मोठेबाबांनी, म्हणजे आमच्या यांनी, पवनारात मोटार आणली तेव्हा ऐंशी साल नुकतंच लागलं होतं. वर्ध्याच्या एका डॉक्टरनं नवी घेतली आणि जुनी यांच्या गळ्यात पडली. त्या काळी रस्त्यावर दोनच जातींच्या मोटारी दिसत, एक बारकी आणि एक जाडी. आमची जाडी. दुधावरच्या सायीचा रंग, मागून गोल, आणि दार लावलं की कोठीचं कवाड लावल्यासारखा आवाज. आम्ही शेतकरी माणसं, आम्हाला मोटारीचं काय काम? पण यांना विहिरीवरच्या इंजिनाचा लळा होता, आणि मोटार म्हणजे घरापर्यंत चालत येणारं इंजिन, एवढाच त्यांचा हिशेब. गावात कोणाची बाई अडली, कोणाले सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं असलं, की आमची जाडी दारातून निघे. सीटवर सरकीची पोती बसत आणि नवरदेवही बसत.

दुखणं तिला एकच होतं. चालू केली की बॉनेटखालून चीं चीं असा आवाज येई, जसं कोणी उंदराच्या शेपटीवर पाय दिला आहे. तो फॅन बेल्ट. तुझ्या गाडीत आता त्याला ताणून धरायला टेन्शनर नावाची वस्तू असते ना, तेव्हा तसलं काही नव्हतं. इंजिनाच्या तोंडाशी बेल्ट तीन चाकांवर फिरे: एक इंजिनाचं, एक पंख्याचं, एक डायनॅमोचं. डायनॅमो म्हणजे बॅटरी भरणारं, दिव्यांना वीज देणारं यंत्र. ते एका चपट्या लोखंडी पट्टीनं धरलेलं असे. पट्टीत चंद्रकोरीसारखी वाकडी खाच, खाचेत बोल्ट. डायनॅमो बाहेर ओढायचा, बेल्ट ताणायचा, बोल्ट आवळायचा. झालं. पण आमच्या पट्टीची खाच झिजून झिजून गुळगुळीत झाली होती. कितीही आवळा, बोल्ट हळूहळू घसरे, बेल्ट सैल होई, मग चीं चीं, मग लाल दिवा, मग पाण्याला उकळी.

हे रोज पाना घेऊन बॉनेटखाली डोकं घालत. पट्टी बदलावी हे त्यांना कळत होतं, पण आज कापूस वेचायचा, उद्या गहू काढायचा, आणि वर्ध्याच्या मिस्त्रीकडे ती पट्टी कधी नसायचीच. शेवटी त्यांनी बाभळीची एक पाचर तासली आणि इंजिन नि डायनॅमो यांच्या मधे ठोकून दिली. वखराची दांडी हलायला लागली की आपण जे करतो तेच. पाचर पडली की पुन्हा ठोकायची. आमच्या घरी एक हातोडी त्या कामालाच राह्यली होती.

आता आत्याबाईंचं सांगतो. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांची आई लहानपणीच गेली, आणि थोरल्या बहिणीनं त्यांना वाढवलं. वेणी तिनं घातली, जेवू तिनं घातलं, मारलंही तिनंच. ती बहीण आष्टीला दिलेली. पवनाराहून आष्टी म्हणजे वर्ध्याला बस बदला, आर्वीला बदला, तळेगावला बदला. आत्याबाईंना बसमध्ये वांत्या होत, आणि गुडघे असे की पायरी चढताना कंडक्टर ओरडे. मोटार आली तेव्हा सगळ्यात जास्त आनंद त्यांना झाला होता. गाडी दुरुस्त झाली की बाईकडे जातो, असं त्यांनी त्याच दिवशी म्हटलं; थोरल्या बहिणीला त्या बाई म्हणत. मग दिवाळीत म्हटलं. मग संक्रांतीत म्हटलं. पाचर पडत होती आणि त्या म्हणत होत्या.

इकडे आष्टीत बहिणीची नजर चालली होती. काचबिंदू. डॉक्टरनं सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही.

चैत्र सरता सरता आष्टीचा एक सरकीचा व्यापारी आमच्याकडे आला आणि ओट्यावर पाणी पिता पिता त्यानं निरोप सांगितला. बहिणीचा मुलगा भिलाईला नोकरीला, तो तिला कायमची घेऊन चालला आहे. परवा पहाटे निघणार. मग म्हणाला की म्हातारीनं एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली आहे. तिच्याच शब्दांत सांगतो, असं म्हणून त्यानं सांगितलं, "दिवसा थोडंसं दिसते मले. दिवस बुडाला की काईच नाई. उजेड असेतो ये म्हणावं, एकडाव तोंड पाहून घेतो."

आत्याबाई सूप हातात घेऊन बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि यांना एवढंच म्हणाल्या, "उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ध्याच्या मिस्त्रीकडे माणूस पाठवला तर तो लग्नाला गेलता. हे म्हणाले, पाचर घट्ट ठोकतो आणि जपून नेतो. गाडी चालू केली आणि काय सांगू, चीं नाही की चूं नाही. मांजरीसारखी गुरगुरली नुसती. हे बॉनेटकडे बघतच राह्यले. मामाजी, म्हणजे माझे सासरे, पुढच्या सीटवर जाऊन बसले होते, धुतलेली टोपी, मांडीवर काठी, आणि तोंडावर असं समाधान की जसे तेच नवरदेव. आत्याबाई आणि मी मागे. त्यांच्या मांडीवर सरगुंड्यांचा, काडीवर वळून वाळवलेल्या कणकेच्या नळ्यांचा, डबा. बहिणीला सरगुंडे आवडत, आणि भिलाईला कोण करून घालणार होतं?

आंजीपर्यंत कसं गेलो ते कळलंसुद्धा नाही. हे दोनदा म्हणाले की आज बेल्ट बोलून नाई राह्यला. आंजी मागे पडलं तेव्हा मामाजींना राहवलं नाही.

"राळ लावली म्या त्याले," ते म्हणाले.

आता हे तुला कळायचं नाही, पोरी. मामाजी रोज सकाळी आंघोळ झाली की चरख्यावर बसत. स्वतःच्या सुताचं धोतर नेसत. पवनारात तेव्हा अशी बरीच माणसं होती, त्यात मोठेपणा काही नव्हता, कोणी दात घासतं तसं ते सूत कातत. चरख्याच्या मोठ्या चाकावरून चातीवर, म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या सळईवर, जी दोरी फिरते तिला माळ म्हणतात. माळ घसरायला लागली की तिला राळ चोळायची, मग ती चाकाला धरून राहते. मामाजींनी पहाटेच बॉनेट उघडून बेल्टाला आतून बाहेरून राळ चोळली होती, चांगली मूठभर. माळ ती माळ, चाक ते चाक.

यांनी वडिलांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. त्यांनी फक्त गाडीचा वेग कमी केला. पण उशीर झाला होता. बेल्ट घसरत होता तोवर त्या झिजलेल्या पट्टीनं कसाबसा तग धरला होता. राळेनं बेल्ट चाकाला असा चिकटला की सगळी ओढ पट्टीवर आली. खरांगण्याच्या जरा अलीकडे बॉनेटखाली काडकन वाजलं, लाल दिवा लागला, आणि पाठोपाठ समोरून वाफ.

गाडी लिंबाच्या सावलीला लागली. बॉनेट उघडलं तर पाचर गायब, पट्टी खाचेपाशी फाटलेली, आणि डायनॅमो मान टाकल्यासारखा खाली. बेल्टावर राळेच्या काळ्या गोळ्या.

"माळ घसरली तर राळच लावते माणूस," मामाजी म्हणाले. "यात चुकलं काय?"

मग आत्याबाई मागून म्हणाल्या, आणि आवाज चढवला नाही म्हणून तो जास्त लागला.

"राळेचं राहू द्या. दिवस कुठं आला ते पाहा."

दिवस डोक्यावरून कलला होता. मागून बस येणार होती, पण आर्वीला बदला, तळेगावला बदला करता करता रात्रच झाली असती. मामाजी काठी टेकत खाली उतरले. त्यांनी फाटलेली पट्टी यांच्या हातातून घेतली, उलटसुलट करून पाहिली, आणि गावाकडे चालायला लागले. आम्ही दोघं त्यांच्या मागे. आत्याबाईंना गाडीत बसवून.

खरांगण्यात बाजाराच्या जागेजवळ लोहाराचा भाता होता. लोहार बैलगाडीच्या चाकाला धाव चढवून नुकताच बसला होता. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. त्यानं आमची पट्टी पाहिली आणि सरळ सांगितलं की मोटारीचं काम त्यानं कधी केलं नाही, बिघडलं तर त्याच्या नावानं बोंबलायचं नाही. यांनी हात जोडले. मामाजी तर विचारायला थांबलेच नाहीत, जाऊन भात्यापाशी बसले आणि दोरी ओढायला लागले. आमच्या घरात माफी मागायची रीत नव्हती, पोरी. चुकलेला माणूस उठून कामाला लागे, आणि बाकीच्यांनी ते समजून घ्यायचं.

"हळू आजोबा," लोहार म्हणाला. "रोटी करपते तसं लोखंडही करपते."

"माह्या बायकोची बहीण वाट पाहून राह्यली," मामाजी म्हणाले, आणि हळू काही झाले नाहीत.

धावेचा उरलेला तुकडा घेतला. जुनी पट्टी वर ठेवून यांनी खडूनं आकार काढला, आणि मग लोहारानं तो लाल केला. लोहाराची बायको घण घेऊन उठली. तिच्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या, आणि घण पडला तरी एकही बांगडी वाजत नव्हती, असा तिचा हात. तापवलेल्या लोखंडात टोचणीनं एकाशेजारी एक भोकं पाडली, वाकडी रांग, आणि मग मधल्या भिंती तोडून खाच केली. ती खाच कानशीनं घासायचं काम यांच्याकडे आणि माझ्याकडे. माझ्या हाताला फोड आला. ते दुखणं नंतर कळलं, तेव्हा माझं लक्ष सावलीकडे होतं. आम्ही आलो तेव्हा तिथल्याही एका लिंबाची सावली भात्यापाशी होती, ती हळूहळू रस्ता ओलांडून पलीकडच्या भिंतीवर चढत होती.

तेवढ्यात पाहिलं तर रस्त्यानं आत्याबाई येत होत्या. दुखऱ्या गुडघ्यांनी, डोक्यावर सरगुंड्यांचा डबा. गाडीत बसून जीव जातो म्हणाल्या. त्यांना पाहून लोहाराच्या बायकोनं पाण्याचा गडवा पुढे केला आणि विचारलं की बहीण थोरली की धाकली. थोरली म्हटल्यावर ती म्हणाली, मग तर मायच. एवढंच. पण त्यानंतर घण जास्त जोरात पडला.

पट्टी पाण्यात विझवली आणि आम्ही सगळे गाडीपाशी आलो. लोहार आणि त्याची बायकोही, कारण आता त्यांनाही पाहायचं होतं. रॉकेलाच्या चिंधीनं आणि लोहाराच्या भट्टीतल्या राखेनं मी बेल्टावरची राळ घासून काढली. मामाजी बाजूला तोंड करून उभे होते. यांनी नवी पट्टी लावून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. खाच उलट्या बाजूला वाकलेली. जुनी पट्टी खडूनं काढताना पालथी ठेवली गेली होती. हे रस्त्याच्या कडेला मटकन खालीच बसले.

"उलटी झाली," ते म्हणाले. "पुन्हा करायले दिवस नाई राह्यला."

आत्याबाईंनी पट्टी त्यांच्या मांडीवरून उचलली. ऊन ऊनच होती ती अजून.

"मंग पलटव ना," त्या म्हणाल्या. "भाकर का एकाच अंगानं भाजते?"

यांनी त्यांच्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं. पट्टी तर चपटी, तिला कसलं आलं उलटं नि सुलटं. पालथी घातली आणि खाच बरोबर डायनॅमोच्या बोल्टावर येऊन बसली. सगळ्यात आधी लोहाराची बायको हसली. मग आम्ही सगळेच हसलो, आणि हेसुद्धा, कपाळाला काळे हात लावून.

टामीचा लोखंडी दांडा घालून डायनॅमो मी बाहेर रेटून धरला आणि यांनी बोल्ट आवळला. बेल्ट अंगठ्यानं दाबून पाहिला. बोटभर दबला पाहिजे, जास्त नाही, कमी नाही. नवी पट्टी जुनीपेक्षा दुप्पट जाड, मोटारीच्या इंजिनात बैलगाडीचं लोखंड, पण बोल्ट खिळ्यासारखा उभा राहिला. रेडिएटरमध्ये लोहाराच्या घरचं पाणी भरलं आणि निघालो.

आर्वीकडे जाताना ऊन समोरच्या काचेवर होतं. एरवी त्या उन्हाचा त्रास झाला असता, पण त्या दिवशी ते डोळ्यांत यावं असंच वाटत होतं. तळेगावात दिवस बुडाला. आत्याबाईंनी डबा मांडीवरून खाली ठेवला आणि पदर तोंडावर ओढून घेतला. मामाजींनी मागे वळून पाहिलं, पुन्हा पुढे पाहिलं. यांनी दिवे लावले. इतके दिवस ते दिवे कंदिलासारखे पिवळे, मेल्यासारखे लागत, कारण सैल बेल्टावर डायनॅमो पुरेसा फिरतच नव्हता. त्या संध्याकाळी रस्ता दूरवर पांढरा झाला, कडेच्या बाभळींचं पान न् पान दिसलं. पण आमच्यापैकी कोणाच्या काही डोक्यात आलं नाही तेव्हा.

आष्टीत पोचलो तेव्हा वीज गेलेली. दारात बांधलेल्या ट्रंका, आणि ओट्यावर बहीण, पश्चिमेकडे तोंड करून. दुपारपासून तिथंच बसली होती म्हणे, उजेड जाईतो. आत्याबाई जवळ गेल्या आणि नुसतं "बाई" म्हणाल्या.

"आली का," बहीण म्हणाली. तिनं हात पुढे केले, गाल चाचपले, कान चाचपले. "आली, पण दिवस घालवून आली. आता आवाजच पाहायचा तुहा."

आत्याबाई तशाच खाली बसल्या, बहिणीच्या पायांशी. मी डबा धरून उभी.

तेव्हा मामाजींनी यांच्या खांद्याला काठी लावली.

"गाडी फिरव," ते म्हणाले. "दिवे इकडं कर."

यांनी गाडी मागेपुढे करून तोंड ओट्याकडे वळवलं. मामाजींनी बहिणीला हाताला धरून उठवलं आणि दिव्यांकडे पाठ करून उभं केलं, म्हणजे डोळे दिपायला नकोत, आणि आत्याबाईंना तिच्यासमोर, एका बाजूनं, जिथं सगळा उजेड तोंडावर पडत होता. हे इंजिन जरा जोरात चालवत राह्यले. दिवे आणखी उजळले. बेल्ट बोलला नाही. आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर मागे सारला. नवऱ्यासमोर, मुलासमोर, जमलेल्या शेजाऱ्यांसमोर. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांचं डोकं उघडं कधी पाह्यलं नव्हतं.

बहीण अगदी जवळ आली. मग भुवईवरच्या एका वणाला बोट लावलं.

"विहिरीवर पडलीती," ती म्हणाली. "म्या मारलंबी होतं तुले, पडली म्हणून." आणि मग, "म्हातारी झाली वं तू."

"तू तरी कुठं कोवळी राह्यली," आत्याबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या, आणि हसतानाच एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

यांना वाटलं झालं, म्हणून त्यांनी किल्लीला हात घातला. बहिणीनं न वळता आवाज दिला, "राहू दे रे बापू. अजून पाहून घेतो."

मग गाडी तशीच चालू राह्यली. दिव्यांपुढे किडे जमले, शेजाऱ्यांनी सतरंज्या आणल्या, आणि त्या मोटारीच्या उजेडात त्या दोघींनी सरगुंडे खाल्ले. मामाजी बॉनेटला टेकून उभे होते. मधेच मी पाह्यलं, तर ते एका हातानं बॉनेट थोपटत होते, बैलाला थोपटतात तसं.

पहाटे बहीण भिलाईला गेली. पुढेही त्यांच्या भेटी झाल्या, पण त्या आवाजावर. बहीण मात्र सगळ्यांना सांगे की माझी धाकली कशी दिसते ते मले पक्कं माहीत आहे, म्या तिले दिव्यात पाह्यली आहे. पट्टी पुढे नागपुराहून आणली होती यांनी, बरोबर मापाची. ती कागदात गुंडाळलेली फडताळात पडून राह्यली. लोहाराची पट्टी गाडी विकेपर्यंत जागची हलली नाही, आणि घेणाऱ्याला यांनी बजावून सांगितलं की सगळं बदल, तेवढं राहू दे.

तर आता तुझं. तुझा पार्ट कधी येईल तेव्हा येईल. तुम्ही आता राहता तिकडून नागपूरकडे येणारी रेल्वे आहे, वर्ध्याच्या ठेसनावर ती थांबते, आणि ठेसनावर आपला ऑटोवाला उभा राहील. तुझी माय माझ्याहून लहान आहे, पण गुडघे तिचेही आत्याबाईंसारखेच झाले, तिले हात देऊन उतरवजो. माझे डोळे अजून बरे आहेत, त्याची चिंता नाई. पण मी तिले पाहून किती दिवस झाले ते तुले ठाऊक आहे. आंबे उतरायला लागले आहेत, सरगुंडे वाळत घातले आहेत. गाडी तिथंच राहू दे, आणि माझ्या बहिणीले घेऊन लवकर येजो, बापा. उजेड असेतो येजो.